कोंबडीची आंबील

यूट्यूबवर ‘फर्मेंटेड फीड’ शोधलं की व्हिडिओंची रांग लागते. बहुतेकांत तेच असतं: एक बादली, तीत भिजवलेला मका नाहीतर गहू, दोन-तीन दिवसांनी पाण्यावर आलेले बुडबुडे आणि त्या आंबट दाण्यांवर तुटून पडलेल्या कोंबड्या. खाद्याचा खर्च कमी होतो, अंड्याचं कवच घट्ट होतं, कोंबड्या आजारी पडत नाहीत, असं सांगितलं जातं. कुणी याला नवं तंत्र म्हणतं, कुणी परदेशी पद्धत.

माझं शाळेचं वय जव्हारमध्ये गेलं. बाबांच्या नोकरीमुळे साखरशेतकडे जाणं-येणं असायचं. त्यामुळे हे व्हिडिओ बघताना मला सारखं वाटतं, की ही बादली आपण पाहिलेली आहे. तिथे बादली नव्हती, मडकं होतं. आणि ते कोंबड्यांसाठी नव्हतं, माणसांसाठी होतं. नागलीचं पीठ रात्री पाण्यात कालवून ठेवायचं. सकाळपर्यंत त्याला आंबूस वास यायचा. मग तांदळाच्या कण्या घालून ते शिजवायचं. झाली आंबील. उन्हातान्हात काम करणाऱ्या माणसाचं ते जेवणही आणि पाणीही. मडक्याच्या तळाचा गाळ, भांडी विसळलेलं पाणी, पाखडताना पडलेली कणी, हे सगळं अंगणात फेकलं जायचं आणि कोंबड्या ते टिपायच्या. त्याला ‘फीड’ म्हणायचं कुणाच्या डोक्यात नव्हतं.

कोंबड्या कशा पाळाव्यात हे सांगायला मी बसलेलो नाही. ते मला येतही नाही, मी दिवसभर कोड लिहितो. मला ओढ लागली ती एका प्रश्नाच्या इतिहासाची: दाण्यात जे असतं, ते पोटाला मिळतं का? हा प्रश्न जगाला पडला तो कोंबड्यांमुळे. आणि जव्हार-मोखाड्यात तो आजही सुटलेला नाही.

कोंबडी माणसाकडे आली तीच मुळी दाण्यामागे. कोंबडी आठ-दहा हजार वर्षांपूर्वी माणसाळली असं बरीच वर्षं मानलं जायचं. २०२२ साली पुरातत्त्वज्ञांच्या एका गटाने ८९ देशांतल्या सहाशेहून जास्त ठिकाणची हाडं पुन्हा तपासली आणि तो आकडा बराच खाली आणला. पाळीव कोंबडीची सर्वांत जुनी खात्रीलायक हाडं त्यांना सापडली थायलंडमधल्या बान नॉन वाट या ठिकाणी, इसवी सनपूर्व १६५० ते १२५०च्या दरम्यानची. त्यांचं म्हणणं असं, की तिथे कोरडवाहू भात आणि बारीक भरडधान्यं पिकायला लागली, जंगलाच्या कडेला दाणा सांडायला लागला, आणि रानकोंबड्या झाडांवरून उतरून वस्तीजवळ आल्या.

जंगलाच्या कडेला, डोंगरउतारावर, भात आणि भरडधान्य. हे वर्णन वाचून माझ्या डोळ्यांपुढे थायलंड आलंच नाही. राब भाजून नागलीची रोपं करायची, ती उतारावर लावायची, वरती वरई, खालच्या खाचरात भात, आणि शेतापासून हाकेच्या अंतरावर साग-ऐनाचं रान. हे जव्हार-मोखाडाच आहे.

इथला रानकोंबडाही या गोष्टीत आहे. पाळीव कोंबडी फक्त लाल रानकोंबड्यापासून आली, असं डार्विनचं मत होतं. २००८ मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांना असं दिसलं, की पिवळ्या कातडीचं जनुक लाल रानकोंबड्याचं नाहीच. ते करड्या रानकोंबड्याकडून आलेलं असावं. करडा रानकोंबडा फक्त भारतात असतो, दख्खनच्या पठारावर आणि सह्याद्रीत. जगातल्या कोट्यवधी कोंबड्यांचे पिवळे पाय म्हणजे आपल्याकडच्या रानाची उधारी आहे. हे मला भारी आवडतं.

आता पाड्यावरची कोंबडी काय खाते ते बघू. रात्री ती डालग्याखाली झाकलेली असते. झुंजूमुंजू झालं की डालगं उचलायचं, मूठभर कणी टाकायची, संपलं. पुढचं तिचं ती बघते. वाळवी, किडे, गवताचं बी, खळ्यावरचं भात, शेणाचा उकिरडा. पिलं लहान असतील तर वारूळ फोडून वाळवी आणून घालतात. अशी देशी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, त्यातली बरीच उबवायला ठेवली जातात. पिंजऱ्यातली कोंबडी तीनशेच्या वर देते. पण पाड्यावरच्या कोंबडीकडे अंड्यांचं मशीन म्हणून बघितलं की हिशेब चुकतो. ती घरातली सुटी रोकड असते. पाहुणा आला, देवाला द्यायचं आहे, पोराला दवाखान्यात न्यायचं आहे, की कोंबडा जातो. दिवाळीनंतर कुटुंब वीटभट्टीवर निघालं की कोंबड्या एक तर विकल्या जातात, नाहीतर डालग्यासकट टेम्पोत चढतात.

हा व्यवहार किरकोळ नाही. २०१९च्या पशुगणनेत देशात ८५ कोटींवर कोंबड्या-बदकं मोजली गेली, त्यांतली सुमारे ३१.७ कोटी परसातली होती. २०१२च्या तुलनेत परसातली संख्या ४५ टक्क्यांहून जास्त वाढली होती. एवढी मोठी पोल्ट्री कंपन्यांच्या गोणीतल्या खाद्यावर नाही, तर घराच्या उरल्यासुरल्यावर जगते. म्हणजे घरात काय उरतं, यावर सगळं आलं.

घरात काय उरतं? १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातलं वावर-वांगणी देशभर माहीत झालं, कारण तिथे कुपोषणाने शंभरहून जास्त मुलं दगावली. मुंबईपासून अंतर दीडशे किलोमीटरच्या आत. त्यानंतर मंत्री आले, समित्या आल्या, न्यायालयात याचिका झाल्या, योजना आल्या. पावसाळ्यात दाणा संपतो म्हणून उसनवारीने घेतलेल्या धान्याला इकडे ‘खावटी’ हा वेगळा शब्दच आहे. ज्या भागात उपासाच्या महिन्यांसाठी शब्द आहे, तिथे कोंबडीला तीन दिवस धान्य भिजत घाला असं सांगणं सोपं नाही. व्हिडिओतली बादली बघताना हे आठवतं.

पण आधी त्या प्रश्नाकडे. दाण्यातलं पोटाला मिळत नाही, हे जगाला पहिल्यांदा नीट दाखवलं ते जावा बेटावरच्या कोंबड्यांनी. ख्रिस्तियान आयकमन नावाचा डच डॉक्टर बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, बेरीबेरीचा जंतू शोधत होता. त्याच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्या १८८९ मध्ये लंगडायला लागल्या, पाय ओढायला लागल्या, मरायला लागल्या. बेरीबेरीच्या रोग्यासारखंच. काही महिन्यांनी त्या आपोआप बऱ्या झाल्या. चौकशी केली तर कळलं, की मधल्या काळात त्यांना लष्करी दवाखान्याच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढरा भात घातला जात होता. मग आचारी बदलला. नव्या आचाऱ्याने सांगितलं, लष्कराचा भात मुलकी कोंबड्यांना मिळणार नाही. कोंबड्या पुन्हा साध्या, कोंडा न काढलेल्या तांदळावर आल्या आणि चालू लागल्या. सरकारी खात्यातल्या हद्दीच्या भांडणातून जगाचं भलं झाल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

आयकमनला वाटलं, पांढऱ्या तांदळात काही विष असावं आणि कोंडा त्यावर उतारा. त्याचा सहकारी गेरिट ग्रिन्स याने १९०१ मध्ये उलट मांडलं: विष नाही, कमतरता आहे, जगायला लागणारं काहीतरी कोंड्यासोबत निघून जातं. ते काहीतरी म्हणजे ब-१ जीवनसत्त्व. १९२९ मध्ये आयकमनला नोबेल मिळालं. पोट भरलेलं असूनही माणूस उपाशी असू शकतो, हे कोंबडीच्या पायांनी सिद्ध केलं.

दुसरा धडा अमेरिकेतला आहे आणि तो आंबवण्याशी थेट जोडलेला आहे. १९३०-४०च्या दशकांत तिथे कोंबड्या मोकळ्या अंगणातून बंद शेडमध्ये गेल्या. खाद्य मका आणि सोयाबीन पेंडीचं झालं, कारण ते स्वस्त होतं. पण नुसत्या वनस्पतींच्या खाद्यावर पिलं वाढेनात. मासळीची भुकटी किंवा मांसाचा चुरा मिसळला की वाढत. त्यात काय आहे हे ठाऊक नसल्याने त्याला नुसतंच ‘ॲनिमल प्रोटीन फॅक्टर’ म्हणत. गंमत म्हणजे हा फॅक्टर शेणातही सापडत होता. १९४८ मध्ये तो वेगळा काढता आला: ब-१२ जीवनसत्त्व. ते ना वनस्पती बनवतात ना प्राणी, फक्त सूक्ष्मजीव बनवतात. उकिरडा उकरणाऱ्या आपल्या कोंबडीला ते रोज फुकट मिळत होतं. शेडमध्ये नेली आणि ते तुटलं.

मग ब-१२ स्वस्तात कुठून आणायचं? न्यूयॉर्कजवळच्या लेडर्ली प्रयोगशाळेत तेव्हा ऑरिओमायसिन हे नवं प्रतिजैविक बनत होतं, मातीतला एक जीवाणू मोठमोठ्या टाक्यांत आंबवून. औषध काढून घेतल्यावर जो चोथा उरायचा त्यात ब-१२ असणार, असा अंदाज थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड यांनी बांधला. पिलांना तो चोथा घातला. पिलं वाढली, नुसत्या ब-१२ने वाढायला हवीत त्यापेक्षाही जास्त वाढली. चोथ्यात ऑरिओमायसिनचा अंश राहिला होता आणि त्याचाच हा परिणाम होता. १९५१ पर्यंत अमेरिकेत प्रतिजैविकं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय खाद्यात मिसळायला परवानगी मिळाली. पुढची पन्नास वर्षं जगभरच्या पोल्ट्रीने तेच केलं.

आंबवलेलं खाद्य कोंबडीला घालण्याचा आधुनिक इतिहास इथून सुरू होतो, शेतकऱ्याच्या बादलीतून नव्हे. औषध कारखान्याच्या टाकीतून. आणि त्याची किंमत आपण अजून मोजतो आहोत. २०१४ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने दिल्ली परिसरातले चिकनचे ७० नमुने तपासले. ४० टक्क्यांत प्रतिजैविकांचे अंश निघाले. युरोपने २००६ मध्ये वाढीसाठी प्रतिजैविकं घालणं बंद केलं. भारताने २०१९ मध्ये कोलिस्टिन या औषधाच्या पशुखाद्यातल्या वापरावर बंदी घातली. माणसाच्या आयसीयूत शेवटचा उपाय म्हणून वापरलं जाणारं हे औषध कोंबड्या जाड व्हाव्यात म्हणून दिलं जात होतं.

महाराष्ट्र या गोष्टीत मध्यभागी आहे. १९७१ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी सुरू केलेली वेंकटेश्वरा हॅचरीज पुण्यात वाढली, १९८२ मध्ये अंडी समन्वय समिती आली, ‘संडे हो या मंडे’ घराघरांत पोचलं. अंडं स्वस्त झालं आणि खेड्यापर्यंत आलं, हे श्रेय त्यांचं आहेच. फक्त या व्यवस्थेत परसातली कोंबडी कुठेच नव्हती. ती एकदम बातम्यांत आली फेब्रुवारी २००६ मध्ये, नंदुरबारच्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला तेव्हा. शेडमधल्या कोंबड्यांबरोबर आजूबाजूच्या गावांतल्या अंगणातल्या कोंबड्याही गोळा करून मारल्या गेल्या.

प्रतिजैविकांचं दार बंद व्हायला लागल्यावर युरोपातल्या संशोधकांनी दुसरं आंबवणं हाती घेतलं. हे आपल्या मडक्यातलं. दाणा किंवा भरडा पाण्यात ठेवला की त्यावर मुळातच असलेले लॅक्टिक आम्लाचे जीवाणू वाढतात. दही लावतात तेच कुळ. एक-दोन दिवसांत पाणी इतकं आंबट होतं की साल्मोनेलासारख्या जंतूंना त्यात तग धरता येत नाही. नेदरलँड्समध्ये आंबवलेल्या ओल्या खाद्यावरच्या कोंबड्यांना साल्मोनेलाची बाधा कमी होते असं दिसलं. डेन्मार्कमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अंड्यांवरच्या कोंबड्यांनी आंबवलेलं खाद्य तुलनेने कमी खाऊन तेवढंच काम केलं, अंड्यांचं कवचही सुधारलं. त्याच अभ्यासात त्या कोंबड्या एकमेकींची पिसं जास्त उपटत होत्या असंही नोंदवलेलं आहे. व्हिडिओंत हे कुणी सांगत नाही.

आंबटपणाचं दुसरं काम मला जास्त महत्त्वाचं वाटतं. धान्यातला साधारण दोन तृतीयांश फॉस्फरस ‘फायटेट’ नावाच्या गाठोड्यात बांधलेला असतो. हे गाठोडं वाटेत लोह, जस्त, कॅल्शियमही धरून ठेवतं. कोंबडीच्या पोटात ते सोडवण्याची सोय नावापुरती असते, माणसाच्याही. माझ्या भाषेत सांगायचं तर फाईल डिस्कवर आहे, पण उघडायची परमिशन नाही. भिजवलं, मोड आणले, आंबवलं, की दाण्यातलं आणि जीवाणूंचं एन्झाइम ही गाठ सोडवायला लागतं. पोल्ट्री उद्योगाला हे उमगलं ते आणखी वेगळ्या कारणाने. नेदरलँड्समध्ये कोंबड्या-डुकरांच्या विष्ठेतला न पचलेला फॉस्फरस पाण्यात जाऊन तळी नासवत होता. म्हणून १९९१ मध्ये तिथे फायटेज हे एन्झाइम खाद्यात घालायला विक्रीला आलं. तेही कारखान्यात बुरशी आंबवूनच काढलेलं.

आता नागली घ्या. १०० ग्रॅम नागलीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. तांदळात जेमतेम दहा. पोषणाच्या प्रत्येक तक्त्यात नागलीपुढे टिकमार्क असतो, आणि तरी नागली पिकवणाऱ्या तालुक्यांत पोरं खुरटतात. याचं मुख्य कारण अन्न कमी पडतं, काम नसतं, आजारपण असतं, हे आहे. ते झाकून सगळा दोष फायटेटवर टाकणं लबाडी होईल. पण नागलीत फायटेट आणि टॅनिन दोन्ही भरपूर असतात, त्यामुळे तक्त्यातलं सगळं अंगी लागत नाही, हेही तितकंच खरं. आणि मडक्यात रात्रभर आंबवणाऱ्या बायकांना रसायनशास्त्र न शिकता ही गाठ सोडवता येत होती. एका आजीने मला एकदा सांगितलं होतं, “आंबलेलं हलकं पडतं रे पोरा, पोटात बसत नाही.” मला तेव्हा ती फक्त चवीचं बोलते आहे असं वाटलं होतं.

आंबलेलं आणि बुरसटलेलं यातला फरक मात्र जीवावरचा आहे. १९६० मध्ये इंग्लंडात लाखभर टर्की पटापट मेल्या. आधी रोगाचं नाव ‘टर्की एक्स’ ठेवलं, मग कळलं, खाद्यातल्या शेंगदाणा पेंडीला बुरशी लागली होती. त्यातून अफ्लाटॉक्सिन या विषाचा शोध लागला. १९७४च्या अखेरीस आपल्या शेजारी, गुजरातच्या पंचमहालात आणि राजस्थानच्या बांसवाड्यात, अवकाळी पावसात भिजलेला मका घरात बुरसटला. दुसरं धान्य नव्हतं म्हणून भिल्ल कुटुंबांनी तोच खाल्ला. शंभरावर माणसं कावीळ होऊन दगावली. घरातली कुत्रीही मेली. आंबवल्याने हे विष भरवशाने जात नाही. पाण्याखाली बुडालेला, दह्यासारखा वास येणारा दाणा एक. वर उघडा राहून हिरवा-काळा झालेला दाणा दुसरा. जव्हारच्या पावसात, जिथे चार महिने भिंतीसुद्धा ओल्या असतात, दुसरा पहिल्यापेक्षा सहज तयार होतो.

मग पाड्यावर कोंबडीसाठी आंबवायचं तरी काय? माणसाचं धान्य नाही, हे उघड आहे. राहतो कोंडा, कणी आणि मडक्यातला गाळ. कोंड्यात फायटेट सगळ्यात जास्त असतं, म्हणजे आंबवून सगळ्यात जास्त फायदा तिथेच. कालच्या आंबीलचं थोडं पाणी विरजण म्हणून घातलं की काम एका रात्रीत होतं. एप्रिल-मेच्या उकाड्यात तर सकाळचं संध्याकाळीच आंबतं. विकत काही आणावं लागत नाही.

अडचण वेगळीच आहे. पूर्वी भात घरात उखळात कांडलं जायचं. तांदूळ मडक्यात, कणी आंबिलीत, कोंडा कोंबडीला, तूस चुलीत. प्रत्येकाचा वाटा ठरलेला. मग गिरणी आली. वेळ वाचला, बायकांचे खांदे वाचले; त्याबद्दल कुणी तक्रार करू नये. पण कोंडा आता गिरणीवरून मागून आणावा लागतो, आणि त्यात तूस इतकं मिसळलेलं असतं की कोंबडी त्याला नाक मुरडते. आणि वर्षातले कित्येक महिने घरात शिजतो तो रेशनचा तांदूळ. तो दूर कुठल्या तरी मिलमध्ये पांढरा होऊन गोणीत भरून येतो. आयकमनच्या कोंबड्यांना लंगडं करणारा तोच जातीचा. त्याचा कोंडा तिकडेच राहतो, त्याचं तेल निघतं, पेंड पशुखाद्याच्या कारखान्यात जाते, आणि शेवटी कुठल्या तरी शेडमधल्या कोंबडीपुढे पडते. अलीकडच्या वर्षांत या तांदळात लोह, फॉलिक ॲसिड आणि ब-१२ घातलेले कृत्रिम दाणे मिसळून दिले गेले. उकिरड्यावर फुकट मिळणारं ब-१२ असं फिरून रेशनच्या दुकानात आलं.

राज्याच्या अमृत आहार योजनेत २०१६ पासून आदिवासी भागातल्या अंगणवाडीतल्या मुलांना अंडीही दिली जातात. चांगली योजना आहे, अंड्यासारखं दुसरं स्वस्त पूर्ण अन्न नाही. पाड्यावरच्या कोंबड्या हा पुरवठा करू शकतील का, हा प्रश्न मला बरीच वर्षं छळतो. गेल्या उन्हाळ्यात साखरशेतजवळच्या एका घरी मी कागद-पेन घेऊन हिशेब मांडत बसलो होतो. सहा कोंबड्या, वर्षाला चारेकशे अंडी, निम्मी उबवायला, घार-मुंगूस-मरतूक वजा. घरच्या मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “कोंडा कुठून आणू, बाबा?” मग त्या उठल्या. आंबिलीच्या मडक्यात तळाला राहिलेलं त्यांनी पळीने खरवडून एका फुटक्या ताटलीत घेतलं आणि दारात ठेवलं. ताटली लगेच रिकामी झाली.